फोल्डस्कोप: जंताच्या अंड्यापर्यंत चालतो, मलेरियाला नाही

आधी निकाल, मग कारणं. फोल्डस्कोप दिसायला खेळणं असला तरी खरा मायक्रोस्कोप आहे, १४० पट मोठं दाखवतो. जंताचं (गोलकृमीचं) अंडं, खरजेचा किडा, रक्तात वळवळणारी हत्तीरोगाची अळी, विहिरीच्या पाण्यातला बारीक जीव सायक्लॉप्स एवढं त्यात दिसतं आणि ओळखूही येतं. मलेरियाचा परजीवी, अमीबाची केंद्रकं, जुलाब लावणारा जिआर्डिया यांच्या वाटेला त्याने जाऊ नये. आणि त्यात काही दिसलं नाही म्हणून ‘निगेटिव्ह’ असा शेरा तर कधीच मारू नये. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. ज्यांच्या शाळेत, आश्रमशाळेत किंवा छोट्या प्रयोगशाळेत तो येणार आहे, त्यांनी पुढचं वाचावं, कारण हे उपकरण फसतं ते बहुतेक वेळा स्लाइड बनवण्यात.

फोल्डस्कोप मनू प्रकाश यांचा. जन्म मेरठचा, आयआयटी कानपूरला कॉम्प्युटर सायन्स, एमआयटीत पीएचडी आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये बायोइंजिनिअरिंगची स्वतःची लॅब. जिथे वीज नाही, जिथे आलेला मायक्रोस्कोप दुरुस्तीअभावी कपाटात पडून राहतो, तिथे चालेल असं साधन हवं, ही मूळ कल्पना. जिम सिबुल्स्की आणि सहकाऱ्यांसोबतचा त्यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. कागदाच्या एका तावातून कापून, घड्या घालून बनवलेला मायक्रोस्कोप, सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत, वजन ८.८ ग्रॅम, तिसऱ्या मजल्यावरून पडला किंवा पायाखाली आला तरी शाबूत. त्याच निबंधात २,००० पटींहून जास्त आवर्धन आणि ८०० नॅनोमीटरपर्यंतचा तपशील असंही लिहिलेलं आहे, आणि गोंधळ सुरू होतो तो इथेच. ते आकडे दुसऱ्या, फार बारीक लेन्सच्या आवृत्तीचे. पेटीतून जो नेहमीचा फोल्डस्कोप हातात येतो तो १४० पटींचा, आणि त्यात सुमारे २ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील उलगडत नाही. लोक निबंध वाचतात, पेटी मागवतात आणि मग ‘मलेरिया दिसत नाही’ म्हणून खट्टू होतात.

१४० पट म्हणजे किती, हे स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून पटकन कळतं. जंताचं अंडं साधारण ६० मायक्रॉन. ते १४० पट केलं की साडेआठ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याचा दाणा. चाबूककृमीचं अंडं ५० बाय २२ मायक्रॉन, ते तांदळाच्या दाण्याएवढं. लाल रक्तपेशी साडेसात मायक्रॉन, ती खसखशीएवढी. जिआर्डियाची सिस्ट, म्हणजे कवचातली स्थिर अवस्था, ८ ते १२ मायक्रॉन, ती मोहरीएवढी. मलेरियाच्या परजीवीची कोवळी, अंगठीसारखी अवस्था (रिंग) सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे बारीक रव्याचा एक कण. आता लेन्सची मर्यादाच २ मायक्रॉन, म्हणजे तोच रव्याचा कण. त्याहून बारीक काहीही असो, त्याचा नुसता ठिपका होणार. हरभऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतील, मोहरी दिसेल पण मोहरीच्या आत काय आहे ते दिसणार नाही, आणि रव्याच्या कणात अंगठी शोधणं तर सोडूनच द्या. मलेरियाच्या स्लाइडला १०० पटींचं ऑइल इमर्शन (तेलाच्या थेंबातून बघायचं) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे एकूण हजार पट लागतात ते यासाठी.

सतराव्या शतकातला डच भिंगकार ल्युवेनहुक यानेही एकाच भिंगातून १६८१ मध्ये स्वतःच्या शौचात जिआर्डिया पाहिला होता, मग यात का नाही, असा प्रश्न कोणी करेल. त्याच्या आज शिल्लक असलेल्या भिंगांपैकी सर्वात ताकदीचं सुमारे २७० पटींचं आहे आणि त्याचा हात आणि डोळा दोन्ही वेगळ्याच जातीचे होते. शिवाय त्याने पाहिला तो हलणारा जिवंत जिआर्डिया. हालचाल पकडणं सोपं, स्थिर सिस्टमधली केंद्रकं मोजणं अवघड.

लेन्सचं गणित जाणून घेतलं तर निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. आत आहे तो काचेचा एक गोळा. बोरोसिलिकेट काचेचा २.४ मिमी व्यासाचा गोळा धरला तर त्याचं नाभीय अंतर येतं सुमारे १.७६ मिमी, आणि २५० ला (डोळ्याचं वाचनाचं अंतर, मिलिमीटरमध्ये) त्याने भागलं की आवर्धन १४२ पट. त्या १.७६ मधून गोळ्याची त्रिज्या, म्हणजे १.२ मिमी वजा केली की लेन्सचा पृष्ठभाग आणि वस्तू यांच्यात उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. नेहमीची काचपट्टी १ ते १.२ मिमी जाड असते. म्हणून स्लाइड उलटी घातली, म्हणजे कव्हर स्लिपऐवजी काचपट्टीची पाठ लेन्सकडे आली, तर ढिम्म काही दिसणार नाही. कितीही फोकस करा, धुकंच. कव्हर स्लिपची बाजू लेन्सकडे, हा नियम पेटीच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवावा. खोलगट खड्ड्याची स्लाइडही याच कारणाने उपयोगाची नाही, तळाला बसलेलं अंडं लेन्सच्या आवाक्याबाहेर राहतं.

जोडणी सोपी आहे. ताव न फाटणाऱ्या, पाण्याने न भिजणाऱ्या सिंथेटिक कागदाचा आहे. भाग खुणेवरून सुटे करायचे आणि रंग जुळवत घड्या घालायच्या. पहिल्यांदा घाई करू नये. दोन ठिकाणी चूक होते. एक, घडी नखाने पूर्ण दाबली जात नाही, मग फोकसची पट्टी अडकत अडकत सरकते आणि चित्र उडी मारतं. दोन, लेन्सला बोट लागतं. गोळा इतका लहान की एका ठशाने सगळं दृश्य दुधाळ होतं. लेन्सची चकती कडेने धरावी. ठसा लागलाच तर मऊ लेन्स टिश्यूला किंचित स्पिरिट लावून टिपून घ्यावा, घासू नये.

उजेडाबाबत एक सूचना सर्वांत आधी. सूर्याकडे रोखून बघायचं नाही. शाळेत मुलांच्या हाती देताना हे तीनदा सांगावं. ढगाळ आकाश, पांढरी भिंत किंवा ट्यूबलाइट चांगली. पेटीत एलईडी असेल तर तोही चालतो, पण तो थेट मागे लावला की मध्ये झगझगीत आणि कडेला अंधार असं होतं. मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला तर उजेड एकसारखा पसरतो. उजेड फार झाला तर अंकुशकृमीच्या (हूकवर्मच्या) अंड्यासारख्या पारदर्शक वस्तू अक्षरशः विरघळून जातात. नेहमीच्या मायक्रोस्कोपवर यासाठी कंडेन्सर खाली घेतात आणि डायफ्रॅम लहान करतात. इथे ती सोय नाही. काळ्या कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडून स्लाइडच्या मागे धरलं की थोडाफार तोच परिणाम मिळतो.

आता स्लाइड. स्टूलचं (शौचाचं) साधं सलाइन माउंट करायचं तर आगपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढा, सुमारे २ मिलिग्रॅम नमुना, ०.८५ टक्के सलाइनचा एक थेंब, वर २२ बाय २२ मिमीची कव्हर स्लिप. खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर माउंट जाड झालं. शेजारी दुसऱ्या थेंबात पातळ केलेलं लुगॉल आयोडीन. आयोडीनने अंडी पिवळट होतात आणि पार्श्वभूमीपासून सुटी दिसतात. फोल्डस्कोपवर आयोडीन माउंट सलाइनपेक्षा जास्त कामाचं, कारण इथे कॉन्ट्रास्टचीच मारामार असते.

पण टेबलावरच्या मायक्रोस्कोपला जी अडचण येत नाही ती इथे येते. फोल्डस्कोप डोळ्यासमोर उभा धरतात. स्लाइड उभी झाली की थेंब खाली ओघळतो, कव्हर स्लिप घसरते आणि सापडलेलं अंडं दृश्यातून वाहून जातं. त्यावर उपाय दोन. थेंब लहान ठेवणं, मायक्रोपिपेट असेल तर २० मायक्रोलिटर पुरतात. आणि चारही कडा व्हॅसलीनने किंवा नेलपॉलिशने बंद करणं. नेलपॉलिश वाळायला पाच मिनिटं द्यावीत. ओलं असताना स्लाइड आत सरकवली तर ते कागदाला चिकटतं आणि स्लाइड ओढताना घडी फाटते.

कडा बंद करण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हे उपकरण डोळ्यापासून एखाद्या सेंटिमीटरवर येतं. म्हणजे कोणाचा तरी स्टूल किंवा रक्त आपल्या नाकाडोळ्यासमोर. टेबलावरच्या मायक्रोस्कोपमध्ये नमुना आणि डोळा यांच्यात वीतभर अंतर असतं. म्हणून रोग्याचा नमुना असेल तर डोळा लावायचाच नाही, फोन लावायचा. हातमोजे घालायचे, वापरलेली काचपट्टी १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये टाकायची आणि तो फोल्डस्कोप पुन्हा मुलांच्या हाती द्यायचा नाही. शाळेचा वेगळा, नमुन्यांचा वेगळा. या उपकरणाचं कौतुक करणारे लेख भरपूर आहेत, पण हा मुद्दा त्यांत क्वचित येतो.

फोन लावण्यासाठी चुंबकाची कडी असते. एक फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची, दुसरी फोल्डस्कोपवर. कडी मधोमध बसली नाही तर चित्राचा एक कोपरा कायम काळा राहतो, म्हणून चिकटवण्याआधी स्क्रीनवर बघत जागा ठरवावी. ज्या फोनना मागे तीन-चार कॅमेरे असतात त्यांत मुख्य कॅमेरा कोणता ते बोटाने झाकून ओळखावं. स्क्रीनवर दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करावेत, नाहीतर फोन आपल्या मनाने फोकस शोधत बसतो. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा. हळूहळू फोकस आतबाहेर करत दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतला की अंड्याच्या कवचाची जाडी नंतर निवांत बघता येते. मोजमाप हवं असेल तर स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेली काचपट्टी, एकदा उसना आणून, झूम ठरवून, त्याचा फोटो जपून ठेवावा. माणसाच्या केसाची जाडी मोजपट्टी म्हणून वापरू नये, केस माणसागणिक बदलतो.

कशात किती उपयोग, ते आता एकेक करून. पिनवर्म, म्हणजे रात्री मुलांच्या बुडाला खाज आणणारा सूतकृमी, हा फोल्डस्कोपसाठी जणू मापून बनवलेला रोग. सकाळी धुण्याआधी गुदद्वाराच्या कडेला पारदर्शक सेलोटेप टेकवायची, तीच काचपट्टीवर चिकटवायची. द्रव नाही, ओघळ नाही. अंडं एका बाजूने चपटं, इंग्रजी डी अक्षरासारखं, ५० ते ६० मायक्रॉन लांब, आत अळी गुंडाळलेली. टेप पूर्ण पारदर्शक हवी, धुरकट मॅट टेपवर काही दिसत नाही. टेपची बाजू लेन्सकडे. एका दिवसावर थांबू नये, लागोपाठ तीन सकाळी करावं. ही अंडी चार ते सहा तासांत संसर्ग करण्याजोगी होतात, तेव्हा टेप हाताळून झाल्यावर नखांसकट हात धुवायचे.

खरूज दुसरी. किड्याने त्वचेत खणलेल्या संशयित बिळावर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाकून ब्लेडने अलगद खरवडायचं आणि ते तेल काचपट्टीवर घ्यायचं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर किड्याची विष्ठा विरघळते, आणि ती विष्ठाही निदानाचा पुरावा असते, म्हणून तेलच बरं. मादी ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे १४० पटींत बेसनाच्या लाडवाएवढी. पाय हलताना दिसले की पाहणारा माणूस खुर्चीतून उठतो. मात्र साध्या खरजेत एका रोग्याच्या सगळ्या अंगावर मिळून जेमतेम दहा-पंधरा माद्या असतात. दहा ठिकाणी खरवडून सापडली नाही तरी खरूज नाही असं होत नाही. आश्रमशाळेत एका खोलीतल्या चार मुलांना रात्री खाज सुटत असेल तर फोल्डस्कोप बाजूला ठेवून सगळ्यांना औषध लावावं.

हत्तीरोगाची अळी, मायक्रोफायलेरिया, २४० ते ३०० मायक्रॉन लांब, म्हणजे दीड इंचाचा शेवयाचा तुकडा. ताज्या रक्ताच्या थेंबात ती लाल पेशींना ढुशा देत वळवळते आणि १४० पटींत ते स्पष्ट कळतं. आधी पेशींची खळबळ दिसते, मग अळी. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे. तिथल्या जातीची अळी रात्रीच रक्तात येते, साधारण दहा ते दोन, म्हणून दिवसा घेतलेल्या थेंबात काही मिळणार नाही. जात ठरवायची तर रंगवलेली स्लाइड आणि जास्त आवर्धन हवं, कारण शेपटीच्या टोकाशी केंद्रकं आहेत की नाहीत ते पाहावं लागतं. रक्त काढणं हे प्रशिक्षित माणसाचं काम, हौशी मंडळींनी याच्या नादी लागू नये.

जंताचं फलित अंडं तपकिरी, खरबरीत कवचाचं, ओळखायला सर्वांत सोपं. चाबूककृमीचं अंडं पिंपासारखं, दोन्ही टोकांना बूच, तेही चुकत नाही. चुका होतात त्या इतर गोष्टींमुळे. हवेचा बुडबुडा पूर्ण गोल आणि जाड काळ्या कडेचा असतो. परागकणांची नक्षी अति सुबक असते. भाजीचा केस अळीसारखा दिसतो, पण त्याला आतडं नसतं. आणि बाहेरचं खरबरीत आवरण गळालेलं जंताचं अंडं गुळगुळीत होऊन अंकुशकृमीसारखं भासतं. तिथे कवचाची जाडी बघायची, जंताचं कवच जाड, अंकुशकृमीचं कागदासारखं पातळ.

अंकुशकृमी हा फोल्डस्कोपचा कच्चा दुवा. रंग नाही, कवच पातळ, आत चार ते आठ पेशींचा फिकट गोळा. त्यासाठी मिठाच्या पाण्यावर तरंगवण्याची जुनी पद्धत वापरावी. गरम पाण्यात मीठ टाकत जायचं, तळाशी विरघळेनासं झालं की थांबायचं, लिटरला ३५० ग्रॅमच्या पुढे जातंच. गार झाल्यावर वरचं निवळ पाणी घ्यायचं. हरभऱ्याएवढा स्टूल त्यात कालवून, मलमलीतून गाळून, छोट्या अरुंद तोंडाच्या बाटलीत काठोकाठ भरायचा, इतका की पाणी कडेवर फुगून दिसावं. वर कव्हर स्लिप टेकवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग ती सरळ वर उचलून काचपट्टीवर. अंकुशकृमीची आणि जंताची फलित अंडी वर येऊन कव्हर स्लिपला चिकटतात. अर्धा तास उलटू देऊ नये, अंडी आक्रसतात आणि मिठाचे चौकोनी खडे सगळं दृश्य व्यापतात. जंताची अफलित अंडी आणि टिनिया जातीच्या टेपवर्मची अंडी जड, ती तरंगत नाहीत, त्यासाठी ही पद्धत धरू नये.

एवढा खटाटोप का, तर स्लाइड धुंडाळण्याचा वेळ वाचवायला. साध्या मायक्रोस्कोपवर १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हने एका वेळी सुमारे १.८ मिमी रुंद भाग दिसतो. २२ मिमीची कव्हर स्लिप बारा-तेरा पट्ट्यांत संपते. गोळ्याच्या लेन्समध्ये मधलाच भाग स्वच्छ असतो, कडेला चित्र ओघळल्यासारखं होतं. समजा स्वच्छ भाग त्याच्या एक तृतीयांश धरला, तर पट्ट्या होतात छत्तीसच्या वर, आणि त्याही अंगठ्याने ढकलत, यांत्रिक स्टेज नसताना. एखादी पट्टी सुटतेच. अंडी कमी असतील तर नेमकी तीच सुटते.

हे नुसतं तर्काने म्हणणं नाही. संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या आयझॅक बोगोक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये टांझानियातला अभ्यास प्रसिद्ध केला. आयफोनच्या कॅमेऱ्यावर दुहेरी टेपने आठ डॉलरचा काचेचा गोळा बसवला आणि काटो-कात्झ (ठरावीक मापाचा स्टूल पसरून अंडी मोजण्याच्या) पद्धतीच्या १९९ स्लाइड्स पाहिल्या. फोल्डस्कोप नव्हे, पण लेन्सची जात तीच. जंताची ८१ टक्के, चाबूककृमीची ५४.४ टक्के आणि अंकुशकृमीची अवघी १४.३ टक्के प्रकरणं पकडली गेली. पुढे २०१५ मध्ये घानातून खुद्द फोल्डस्कोपचा निकाल आला. फोनला जोडून शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीची लघवीतली अंडी पाहिली तर १०० बाधितांपैकी सुमारे ५६ सापडले, म्हणजे संवेदनशीलता ५५.९ टक्के, आणि विशिष्टता, म्हणजे निरोगींना निरोगी ठरवण्याचं प्रमाण, ९३.३ टक्के. ही अंडी ११० ते १७० मायक्रॉनची, जंताच्या अंड्याच्या दुप्पट, टोकाला काटा. तरीही जवळपास निम्मी हुकली. म्हणजे अंडं दिसण्याइतकं मोठं असणं पुरत नाही, ते नजरेच्या टप्प्यात यायला हवं. त्याच अभ्यासात फोनची लेन्स उलटी लावलेल्या दुसऱ्या उपकरणाने ६७.६ टक्के पकडले.

(लघवीतल्या शिस्टोसोमाशी कोकणाचा संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गिमवी हे गाव या रोगाचं भारतातलं माहीत असलेलं एकमेव ठाणं. गाडगीळ आणि शाह यांनी ते १९५२ मध्ये जगापुढे आणलं.)

मग ५६ टक्के पकडणाऱ्या साधनाचं करायचं काय? जंतांसाठी आपल्याकडे तपासणीवाचूनच औषध दिलं जातं. दर १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. गोळी द्यावी की नाही हे ठरवायला फोल्डस्कोप लागतच नाही. पण ‘माझ्या मुलाला कुठे जंत आहेत’ म्हणणाऱ्या आईला किंवा गोळी जिभेखाली दाबून ठेवणाऱ्या पोराला हरभऱ्याएवढं अंडं फोनवर दाखवलं तर काम होतं. त्यासाठी फॉर्मलिनमध्ये जपलेला नमुना घेऊन कडा बंद केलेली पक्की स्लाइड जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडून मागून घ्यावी. ताज्या स्टूलचे प्रयोग वर्गात नकोत. वर्गात पाणी आणावं. जुन्या विहिरीचं किंवा तळ्याचं पाणी दुहेरी धोतराच्या कापडातून गाळायचं आणि कापड उलटं करून थोड्या पाण्यात झटकायचं. त्यात उड्या मारणारा, मध्ये एकच डोळा असलेला सायक्लॉप्स सापडतो. तो मिलिमीटरभर असल्यामुळे पूर्ण मावत नाही, एका वेळी डोळा किंवा अंड्यांच्या पिशव्या दिसतात. नारूची अळी याच्याच पोटातून माणसात जायची आणि कापडाने पाणी गाळणं हाच त्यावरचा मुख्य उपाय होता. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला.

डासांच्या अळ्यांसाठी मात्र फोल्डस्कोप अति आहे. अॅनोफिलीस पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडते, एडिस आणि क्युलेक्स डोकं खाली करून लटकतात. हे नुसत्या डोळ्याने किंवा १० पटींच्या हातभिंगाने कळतं.

मनू प्रकाश यांच्या पुढच्या कामाकडे पाहिलं तर त्यांनाही ही मर्यादा ठाऊक असावी असं वाटतं. फोल्डस्कोप दहा लाखांहून जास्त लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः शाळा आणि निसर्गनिरीक्षणाच्या वाटेने. रोगनिदानासाठी त्यांच्या लॅबने वेगळी साधनं काढली. २०१७ मधलं पेपरफ्यूज म्हणजे बटणात दोरा ओवून ओढायची आपली भिंगरी. मिनिटाला १,२५,००० फेरे, आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा. २०१९ मध्ये मांडलेला ऑक्टोपी तर मोटारीवर चालणारा आणि प्रतिदीप्तीने (रंग लावलेल्या परजीवीच्या चमकण्यावरून) मलेरिया शोधणारा मायक्रोस्कोप आहे, मिनिटाला १५ लाख लाल पेशी तपासणारा. त्यात कागद नाही, घड्या नाहीत. मलेरिया पकडायचा तर काय काय लागतं, याचं उत्तर त्याच माणसाने दिलेलं आहे.

कोणी घ्यावा? शाळेने जरूर घ्यावा, पण प्रत्येक मुलाला नाही, चौघांत एक. शिक्षकांचा एक फोनसकट वेगळा. त्वचारोगाच्या शिबिरात खरजेसाठी एखादा खिशात असावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत बिघडलेल्या मायक्रोस्कोपला पर्याय म्हणून घेऊ नये. तिथे जुना का होईना, १०, ४० आणि १०० पटींची ऑब्जेक्टिव्ह असलेला मायक्रोस्कोप दुरुस्त करून घेणंच बरोबर. बहुतेक वेळा बिघाड म्हणजे गेलेला बल्ब आणि वाळलेलं ग्रीस एवढाच असतो. परजीवीशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर आधी कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर प्रत्येक अंडं पन्नासदा पाहावं, मग फोल्डस्कोप हाती घ्यावा. ओळखीचं अंडं धूसर दिसलं तरी ओळखू येतं, अनोळखी अंडं स्वच्छ दिसूनही कळत नाही.

पेटीसोबत वेगळं घ्यायचं सामान असं: १ नंबरच्या २२ मिमी कव्हर स्लिपची एक डबी, पातळ काचपट्ट्या, पारदर्शक सेलोटेप, लुगॉल आयोडीनची छोटी बाटली, व्हॅसलीन, लेन्स टिश्यू आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुड्या विसरू नयेत. कोकणात जूनपासून काचेवर बुरशीची जाळी धरते, आणि १४० पटींत तीही अळीसारखीच दिसते.